प्रस्तावना : विश्वकर्मा आणि मगनवाडी

विश्वकर्म्याची जयंती आपल्याकडे वर्षातून दोनदा येते. माघ शुद्ध त्रयोदशीला सुतार, लोहार, सोनार, तांबट, पाथरवट या समाजांत ती पालखी, कीर्तन आणि महाप्रसादाने साजरी होते. दुसरी १७ सप्टेंबरची, कन्या संक्रांतीच्या सुमाराची. ती उत्तर आणि पूर्व भारतातल्या कामगारांबरोबर आपल्या कारखान्यांत आली. त्या दिवशी लेथला हार पडतो, वेल्डिंग मशीनला कुंकू लागते आणि दुपारनंतर शेडमधले काम थांबते. यांखेरीज खंडेनवमी आहेच. त्या दिवशी वाकस, रंधा, हातोडा, सांडशी, शिवणयंत्र आणि मोटारसायकलसुद्धा धुऊन-पुसून पाटावर किंवा अंगणात मांडली जाते. वर्धा जिल्ह्यात हे तिन्ही दिवस पाळणारी माणसे भेटतात.

हे पुस्तक या देवाविषयी आहे, पण त्याच्या पूजाविधीचे नाही. घडवण्याच्या कामाला देवपण का मिळाले आणि ते मिळाल्यावर घडवणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडले, या दोन प्रश्नांभोवती ते फिरते. पहिल्या प्रश्नाची उत्तरे पुराणांत सापडतात. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र गावात उतरावे लागते, आणि त्यासाठी वर्ध्याइतकी चांगली जागा नाही. १९३४ नंतरची काही वर्षे या शहराच्या मगनवाडी नावाच्या एका वाडीत चरखा, घाणी, चूल, दिवा आणि कागद अशा साध्या वस्तूंवर इतक्या चिकाटीने विचार झाला की, एरवी ज्याला शोध म्हणायलाही कुणी तयार होणार नाही अशा कामाला संशोधनाचा दर्जा आला.

आधी देवांकडे पाहू.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ८१ आणि ८२ ही दोन सूक्ते विश्वकर्म्याची आहेत. त्याला चहूकडे डोळे, चहूकडे तोंडे आणि चहूकडे हात आहेत. या भव्य वर्णनाच्या मधोमध ऋषी एक अगदी कामातला प्रश्न विचारतो : आकाश आणि पृथ्वी ज्यातून तासून काढली ते लाकूड कोणते, ते झाड कोणत्या वनातले? हा प्रश्न सुतारालाच सुचावा. विश्व कसे झाले हे विचारताना त्याच्या डोळ्यांसमोर आधी कच्चा माल येतो.

त्याच वेदात त्वष्टा आहे. इंद्राचे वज्र त्याने घडवले, देवांचा सोमपानाचा चमस त्याचाच. आणि ऋभू आहेत : ऋभू, विभ्वन् आणि वाज, सुधन्व्याचे तीन मुलगे. ही जन्माने माणसे. त्यांनी त्वष्ट्याच्या एका चमसाचे चार केले, अश्विनांचा रथ बांधला, म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केले आणि या कौशल्याच्या बळावर अमरत्व मिळवले. चार चमस पाहून त्वष्टा मात्र ओशाळला आणि चिडला. जुन्या कारागिराने नव्याच्या सुधारणेवर नाराज व्हावे, ही कार्यशाळेतली रोजची गोष्ट इतक्या जुन्या ग्रंथात नोंदलेली आहे. तपश्चर्येने देव झालेली माणसे आपल्या कथांत पुष्कळ आहेत. हाताच्या कामाने देव झालेली म्हणून हे तिघे वेगळे.

पुराणांत आल्यावर विश्वकर्मा देवांचा स्थपती होतो. लंका त्याची, द्वारका त्याची, पुष्पक विमान त्याचे. मुलगी संज्ञा हिला सूर्याचे तेज सोसवेना, तेव्हा त्याने जावयालाच खरादावर धरून तासले आणि निघालेल्या तेजातून विष्णूचे चक्र आणि शिवाचा त्रिशूळ घडवला. खरादाचा कीस वाया न घालवणारा हा देव कारागिरांना आपला वाटला यात नवल नाही. सेतू बांधणारा नल त्याचा मुलगा. पुरीच्या अपुऱ्या मूर्ती घडवणारा म्हातारा सुतारही तोच, असे मानतात.

या कथा सलग वाचल्या की एक गोष्ट खटकते. तो घडवतो ते नेहमी दुसऱ्यासाठी, आणि घडवून झाल्यावर त्या वस्तूचे काय व्हावे हे त्याला कुणी विचारत नाही. सोन्याची लंका आधी कुबेराकडे गेली, मग रावणाकडे. त्वष्ट्याची गोष्ट तर याहून कठोर आहे. ज्या इंद्राला त्याने वज्र घडवून दिले त्याच इंद्राने पुढच्या वैदिक कथेत त्याच्या मुलाची, विश्वरूपाची, तीनही मस्तके वज्राने उडवली. बनवणाऱ्याचा वापरावर हक्क नाही, हे दुखणे आपल्या पुराणांनी लपवलेले नाही.

इतर समाजांच्या कथांतही ते आहे. ग्रीकांचा हेफेस्टस देवांसाठी महाल आणि शस्त्रे घडवतो, आणि तो लंगडत मद्य वाढू लागला की तेच देव त्याला हसतात. फिनलंडच्या ‘कालेवाला’त इल्मारिनेन हा लोहार धान्य, मीठ आणि पैसा दळून देणारे ‘साम्पो’ घडवतो. त्याच्या मालकीवरून भांडण होते आणि ते समुद्रात फुटून जाते. विसाव्या शतकात टोल्कीनने आपल्या कल्पित जगासाठी औले नावाचा लोहारदेव रचला. त्याला शिकवण्याची इतकी घाई की वरच्याची परवानगी न घेता तो खुज्यांची एक जमातच घडवून ठेवतो, आणि जाब विचारल्यावर स्वतःच्या हाताने ती मोडायला हातोडा उचलतो. आजची मुले संगणकावरच्या खेळांत ज्या लोहारदेवांकडून तलवारी घेतात ते बहुतेक याच घराण्यातले. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा ओगुन हा लोखंडाचा देव तर ट्रकचालक आणि मेकॅनिक आजही पूजतात. आपल्या १७ सप्टेंबरचा तो सख्खा भाऊ शोभेल.

महाराष्ट्रात या देवाची सर्वांत देखणी जागा वेरूळला आहे. दहा क्रमांकाचे लेणे बौद्ध चैत्यगृह आहे, सातव्या शतकाच्या आसपासचे. आत स्तूपापुढे बुद्ध बसलेला आहे. पण छताकडे पाहिले तर दगडात लाकडी वाशांसारख्या कमानी ओळीने कोरलेल्या दिसतात. छताला त्यांचा काडीचा आधार नाही. लाकडात बांधणाऱ्यांची सवय दगडात उतरली आहे. कित्येक पिढ्या सुतारांनी या लेण्याला आपले मानले, बुद्धालाच विश्वकर्मा समजून हात जोडले. लेण्याचे नाव ‘सुतार की झोपडी’ पडले ते त्यामुळेच. मूर्ती कुणाची यापेक्षा काम कुणाचे हे त्यांनी आधी ओळखले.

विदर्भात लोखंडाची परंपरा देवळांहून जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. ती शिळावर्तुळे रचणाऱ्या महापाषाणीय लोकांची, सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी. वर्धा जिल्ह्यातही खैरवाड्याला अशी शिळावर्तुळे आहेत. विदर्भातल्या या दफनांत मृतांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरलेले सापडतात. काही कुऱ्हाडींवर दांड्याला पाते आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याही आहेत. पाते दांड्यातून निसटू नये यासाठी कुणीतरी केलेली ही युक्ती आहे. शोध म्हणजे नवे यंत्र असे आपण धरून चालतो. जुन्या वस्तूतला एक त्रास कमी करणे हाही शोधच, आणि तो बहुधा बिननावाचा असतो.

त्या बिननावाच्या माणसाला वर्ध्याकडे खाती म्हणतात, सुताराला वाढई. मृगाच्या आधीचे दिवस त्यांच्या धावपळीचे. काळ्या जमिनीत झिजलेली वखराची पास शेतकरी खात्याकडे घेऊन येतो. भाता सुरू होतो, पास लाल होते, ऐरणीवर घणाचे आणि हातोड्याचे ठोके आळीपाळीने पडतात आणि बोथट कड पुन्हा पातळ होत जाते. खरी कसोटी पुढे असते, पाणी देताना. कड पाण्यात बुडवून काढायची, घासून उजळायची आणि मागच्या तापलेल्या भागातली धग कडेकडे सरकताना रंग बघत राहायचे. आधी गवताळ पिवळा येतो, मग तांबूस, मग निळसर. चुकीच्या रंगावर विझवली तर पास दगडाला लागून टवका उडतो किंवा मऊ राहून वाकते. हे सगळे दोन-चार क्षणांत नजरेने ठरते. घड्याळ नाही, तापमापक नाही. या नजरेला आपण ज्ञान म्हणत आलो नाही, धंदा म्हणत आलो.

आणि धंदा जन्माने ठरत होता. बलुतेदारीत सुतार आणि लोहार थोरल्या ओळीतले. गाव त्यांच्यावाचून पेरणी करू शकत नसे. तरी त्यांचा मोबदला खळ्यावर, दुसऱ्याच्या मापाने मिळे. विश्वकर्म्याच्या कथांतले दुखणे इथे गावाच्या रचनेतच बसवलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले : जातीने कामाची वाटणी केली एवढेच नाही, काम करणाऱ्यांचीच एकमेकांपासून वाटणी केली, आणि माणसाला स्वतःचे काम निवडण्याची मोकळीक ठेवली नाही. ग्रामोद्योगांविषयी गोड बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी हा आक्षेप समोर ठेवावा. या पुस्तकातली मगनवाडीची प्रकरणे तो समोर ठेवूनच वाचायची आहेत.

मगनवाडी हे नाव मगनलाल गांधींचे. गांधीजींचे हे पुतणे साबरमती आश्रमात कातण-विणकामाच्या सरंजामाचे खरे जाणकार होते. ते १९२८ साली पाटण्याला वारले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाजांनी वर्ध्यातला आपला बागबंगला संघाला दिला आणि त्याला मगनलालांचे नाव मिळाले. संघाची सूत्रे जे. सी. कुमारप्पांकडे आली. ते लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. वर्ध्यात त्यांनी घाणीचा आणि चुलीचा हिशेब मांडायला घेतला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते इथे मगन संग्रहालय उघडले. त्यात पाहायला मिळतात ती अवजारे.

त्याआधीची एक घटना नीट समजून घेतल्याशिवाय मगनवाडीचा विचार कळत नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. अटी अशा : यंत्र हलके असावे, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला आठ तास न दमता चालवता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे, म्हणजे साध्या चरख्याच्या कितीतरी पट. किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र २० वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यातही या बक्षिसासाठी प्रयत्न झाले. बक्षीस मात्र कुणालाच मिळाले नाही.

या अटींत किती आणि कसे बनवायचे याबरोबर कुणाच्या अंगाने, कुणाच्या घरात, कुणाच्या पैशाने हेही विचारले आहे. यंत्राच्या नकाशातच वापरणाऱ्या बाईला जागा दिलेली आहे आणि दुरुस्तीलाही. पुराणातल्या एकाही देवाने विश्वकर्म्याला काम सांगताना अशी अट घातलेली नाही. गांधी यंत्रांचे शत्रू होते, असे ज्यांना सरसकट वाटते त्यांनी हा तपशील पाहावा. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केले होते, कारण त्यांच्या लेखी त्या शोधामागे बायकोच्या हातांचे श्रम कमी करण्याची इच्छा होती.

बक्षीस हुकले तरी चरखा बदलत राहिला. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीत मिटणाऱ्या दोन चाकांच्या चरख्यावर काम केले; तो येरवडा चरखा. मगन चरखा पायाने फिरवायचा, त्यामुळे त्याच्या दोन चात्यांवर सूत काढायला दोन्ही हात मोकळे. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकंबरनाथ यांचा अंबर चरखा आला. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी तेलघाणीवर मेहनत घेतली आणि एका वेळी जास्त बी पेलणारी ती घाणी देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप तिथलाच, आणि स्वयंपाकघरातला धूर धुराड्याने बाहेर काढणारी मगन चूलही. निर्धूर चुलींची चर्चा आज आरोग्याच्या अंगाने होते. अशा चुलींच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक वर्ध्याचा आहे.

या मंडळींत सर्वांत अनोखा कारागीर परका होता. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता म्हैसूर संस्थानात वीजसामानाच्या कारखान्यात नोकरीला आला आणि पुढे भारतानंद झाला. औंध संस्थानाने १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार दिला, त्या घटनेच्या घडणीत त्याचा हात होता. आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्याने इंग्रजीत आणली. १९७३ सालचे ते पुस्तक जगभर गेले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या काळातली त्याची देणगी म्हणजे धनुष तकली. लोखंडी तकली दोन आधारांवर आडवी ठेवायची. धनुष्याला ताणलेली पट्टी तिच्या दांड्यावर घासत ओढली की तकली गरगर फिरते. एका हाताने धनुष्य ओढायचे, दुसऱ्याने पेळूतून धागा काढायचा. चाक नाही, माळ नाही. धनुष्य बांबूचे, ते मोडले तर गावात दुसरे वाकवता येते. कारखाना चालवू शकणाऱ्या अभियंत्याने कारखाना लागणारच नाही अशी वस्तू काढावी, यातच मगनवाडीच्या शोधबुद्धीची दिशा कळते. लंका बांधणाऱ्याच्या कलेची ती नेमकी उलटी बाजू.

आंबेडकरांच्या आक्षेपाला या प्रयोगांतून कितपत उत्तर मिळाले? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली आणि तकली शाळेत गेली. सगळ्या घरांतल्या मुलांनी एकाच रांगेत बसून हाताने काम करायचे आणि त्यातून गणित-भूगोल शिकायचे, ही कल्पना जन्मावर ठरलेल्या धंद्याला सुरुंग लावणारी होती. पण तिचा पसारा फार वाढला नाही. शिकलेल्या घरांनी मुलांना पाटीपेन्सिलच हवी म्हटले, आणि ज्यांच्या पिढ्या हातकामात पिचल्या होत्या त्यांना शाळेत पुन्हा तेच नको होते. दोघांचीही कारणे समजण्यासारखी आहेत.

दुसरे अपयश हिशेबाचे. मगनवाडीत तकलीचे प्रयोग चालले होते तेव्हा जिल्ह्यातला कापूस हिंगणघाटच्या बाजारातून गाड्या भरून जात होता आणि हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. स्वस्त कापडाशी खादी बाजारभावात कधीच टिकली नाही. तिला आधार लागला, अजूनही लागतो. कुमारप्पांचे म्हणणे असे की तो हिशेबच अपुरा आहे. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये त्यांनी परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून सेवेच्या अर्थव्यवस्थेपर्यंतच्या पायऱ्या मांडल्या. कुठल्या उत्पादनात निसर्गाचा साठा संपतो आणि कुठल्यात तो पुन्हा भरतो, हा त्यांचा निकष होता. अर्थशास्त्रज्ञ शूमाखरने १९७३ साली ‘स्मॉल इज ब्युटिफुल’मध्ये कुमारप्पांचा आधार घेतला. १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आला आणि गांधीजींच्या बापूकुटीसमोर घर म्हणजे काय यावर बोलला. अवजार माणसाच्या ताब्यात राहावे की माणूस अवजाराच्या, हा त्याचा जुना विषय होता. त्याआधी दोनच वर्षे, १९७६ साली, देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे केले होते. मगनवाडीच्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. म्हणजे चर्चा संपलेली नाही, तिची भाषा बदलली आहे.

पुस्तकाची मांडणी थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात देवकथा आहेत, दुसऱ्यात अवजारे, तिसऱ्यात ती वापरणारी माणसे. ज्यांना कथांपेक्षा वस्तूंत रस आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. त्या भागात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैलही आहेत. सिंदी रेल्वेच्या पोळ्यात ते इतके मोठे आणि रेखीव निघतात की मुलांचा सण वाढयांच्या हातांचे प्रदर्शन होऊन जातो. खेळणे म्हणून त्यांना गाळावे, असे वाटले नाही. जे हात वर्षभर वखराला दांडी बसवतात ते मोकळे सुटल्यावर काय करतात, हे तिथे दिसते.

कुठल्याही प्रकरणात कारागिराची आरती नाही, आणि यंत्राला शिव्याही नाहीत. वाचकाने देवाच्या कथेला आणि आजच्या यंत्राला एकच प्रश्नमाला लावून पाहावी : हे कुणासाठी घडले, कुणाच्या ताब्यात गेले, आणि बिघडल्यावर ते उघडण्याचा अधिकार कुणाला आहे? आज ट्रॅक्टर बंद पडला तर त्याच्यातला दोष शोधायला कंपनीचा लॅपटॉप लागतो, मोबाइलची बॅटरी घरी काढता येत नाही, आणि गावातला हुशार मिस्त्री हातात पाना घेऊन उभा राहतो. त्याचे कौशल्य कमी झालेले नाही. त्याला आत शिरायला वाट ठेवलेली नाही. १९२९ च्या जाहीरनाम्यातली दुरुस्तीची अट ज्यांना तेव्हा भाबडी वाटली, त्यांच्या नातवंडांना ती आता ग्राहक म्हणून मागावी लागते आहे. वर्ध्याच्या त्या वाडीने मागे ठेवलेल्या वस्तू जुन्या झाल्या, पुष्कळशा संग्रहालयात गेल्या. यंत्र घडवण्याआधी ते वापरणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला विचारायचे, ही तिची रीत मात्र अजून कुठल्याही कारखान्यात लागू करता येते. पुढची प्रकरणे त्या रीतीचा तपशील देतात.